परीक्षा डोसपर्यंत: मधुमेहाच्या सॉफ्टवेअरची वापरयोग्यता कशी तपासावी

फोनवर शुगरच्या नोंदी ठेवणारी वही, ताटातली कर्बोदके मोजणारे कोष्टक, इन्सुलिनचा डोस काढणारे गणकयंत्र, दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचे आकडे दाखवणारा पडदा आणि इन्सुलिन पंपाला थेट आज्ञा देणारे ॲप, या सगळ्यांना आज मधुमेह व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हटले जाते. रचनेने ही साधने फार वेगळी आहेत, पण एका बाबतीत सारखी आहेत. त्यांच्याकडे बघून माणूस काहीतरी करतो. दोन युनिट जास्त टोचतो, गोळी टाळतो, तोंडात साखर टाकतो, किंवा काही करायची गरज नाही असे ठरवून झोपतो. या लेखाचे प्रतिपादन त्या कृतीला धरून आहे. अशा सॉफ्टवेअरची वापरयोग्यता तपासायची तर परीक्षा पडद्यावर संपता कामा नये. ती उपचाराच्या निर्णयापर्यंत न्यायला हवी, आणि शक्य असेल तिथे सिरिंजमध्ये ओढलेल्या द्रवापर्यंत.

वेळ, समाधान आणि त्यांच्या मर्यादा

आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात वापरयोग्यतेची व्याख्या आहे. तो भाग १९९८ मध्ये आला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने गाठता येते, हे ही व्याख्या विचारते. तिच्यात काही कमी नाही. अडचण मोजमापात येते. कामाला लागलेला वेळ घड्याळाने मोजता येतो, समाधान प्रश्नावलीने मोजता येते, म्हणून अहवालात हे दोन ठळक होतात. परिणामकारकता मात्र ‘काम पूर्ण झाले’ एवढ्या एका खुणेवर उरकली जाते.

समाधानाची सर्वांत रुळलेली प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केली. दहा विधाने, प्रत्येकाला पाच पायऱ्यांचे उत्तर, आणि शेवटी ० ते १०० मधला एक आकडा. ६८ च्या आसपास सरासरी मानली जाते. दोन आराखड्यांची तुलना करायला ती उपयोगी आहे आणि तिचा खर्च जवळजवळ काहीच नाही. पण तिच्यातला आकडा वापरणाऱ्याला काय वाटले ते सांगतो. त्याने भरलेला डोस बरोबर होता की नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत नसेल, तर ते प्रश्नावलीत उतरणार कसे? आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. घरी आलेल्या किंवा दवाखान्यात समोर बसलेल्या मुलाने मेहनतीने काहीतरी बनवून दाखवले की वडीलधारी मंडळी ‘छान आहे हो’ म्हणतात. तो जिव्हाळा खरा असतो, पण त्याला मोजमाप समजू नये. चाचणी घेणाऱ्याने शब्दांपेक्षा बोटांकडे पाहावे.

वेळ आणि समाधान किती फसवू शकतात, याचा पुरावा २०१५ मध्ये समोर आला. किट हकवेल आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमसी मेडिसिन’ या नियतकालिकात इन्सुलिनचा डोस काढणाऱ्या ४६ ॲपची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४२ ॲप, टाकलेला आकडा मुळात संभवनीय आहे का, हे तपासतच नव्हती. २७ ॲप एखादा रकाना रिकामा राहिला तरी डोस काढून देत होती. १७ ॲपमध्ये आधीचा आकडा बदलल्यावर उत्तर नीट बदलत नव्हते. एकूण ३१ ॲपमध्ये अयोग्य डोस सुचवला जाण्याचा धोका होता. निर्दोष ठरले ते एकच.

रिकामा रकाना चालवून घेण्याचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा एका व्यक्तीला दर १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट इन्सुलिन लागते, एका युनिटने तिची शुगर ४० ने उतरते आणि तिचे उद्दिष्ट १२० आहे. (आकडे भारतातल्या प्रथेप्रमाणे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.) जेवणाआधी शुगर २०० आली, ताटात ६० ग्रॅम कर्बोदके आहेत. जेवणासाठी ६ आणि वाढलेल्या शुगरसाठी २, असे ८ युनिट होतात. पण दोन तासांपूर्वी केवळ शुगर उतरवण्यासाठी टोचलेल्या इन्सुलिनपैकी ३ युनिट अजून शरीरात काम करत असतील, तर डोस ५ वर यायला हवा. तो रकाना रिकामा सोडू देणारे ॲप ८ सांगते. जादा ३ युनिट म्हणजे हिशेबाने शुगर उद्दिष्टाच्याही १२० खाली, थेट बेशुद्धीच्या दिशेने. आता हेच ॲप नेहमीच्या चाचणीला बसवा. एक रकाना कमी भरावा लागला, म्हणून वेळ वाचला. अडवणूक झाली नाही, म्हणून समाधान वाढले. उत्तर मिळाले, म्हणून काम ‘पूर्ण’. तिन्ही मापांवर धोकादायक ॲप सुरक्षित ॲपच्या पुढे जाते.

चुकीचे वजन

यावर उपाय मधुमेहाच्याच क्षेत्रात पूर्वीपासून आहे, फक्त तो दुसऱ्या कामासाठी वापरला जातो. ग्लुकोमीटर किती अचूक आहे हे ठरवताना व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विल्यम क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक जाळी मांडली. आडव्या अक्षावर प्रयोगशाळेतली खरी शुगर, उभ्या अक्षावर मीटरने दाखवलेली. त्या चौकटीचे त्यांनी पाच विभाग केले. ‘अ’ मध्ये मीटर खऱ्या आकड्याच्या २० टक्क्यांच्या आत असतो, किंवा दोन्ही आकडे ७० च्या खाली असतात. ‘ब’ मध्ये फरक जास्त, पण त्यामुळे उपचार बिघडत नाही. ‘क’ मध्ये गरज नसताना उपचार होतो. ‘ड’ मध्ये धोका असूनही तो दिसत नाही. ‘इ’ मध्ये उपचार उलटा होतो, म्हणजे शुगर कमी असताना इन्सुलिन टोचले जाते किंवा चढलेली असताना साखर खाल्ली जाते. आकडा किती चुकला यापेक्षा त्या आकड्यामुळे माणूस काय करेल, यावर चुकीचे वजन ठरवणारी ही कल्पना आहे.

सॉफ्टवेअरच्या वापरयोग्यतेच्या चाचणीत हीच जाळी का वापरू नये? चाचणीत घडलेली प्रत्येक चूक ‘किती टप्पे भरकटला’ किंवा ‘किती सेकंद अडला’ यावर न मोजता, ती चूक तशीच राहिली असती तर कोणता उपचार झाला असता, यावर ‘अ’ ते ‘इ’ मध्ये बसवावी. मग क्रम पार बदलतो. खाद्यपदार्थाची नोंद करताना सेटिंग्जमध्ये हरवलेला माणूस चार मिनिटे चाचपडतो. हे त्रासदायक आहे, पण विभाग ‘ब’. उलट सकाळची उपाशीपोटीची १६० ही शुगर एखादी बाई जेवणानंतरच्या रकान्यात टाकते. आकडा अगदी बरोबर, बोट फक्त एक ओळ खाली पडले, वेळ दोन सेकंद. पण अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनाप्रमाणे बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरची शुगर १८० च्या आत चालते आणि उपाशीपोटीची ८० ते १३० मध्ये हवी. त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांना आलेख हिरवा दिसतो आणि रात्रीचे औषध आहे तेवढेच राहते. हा विभाग ‘ड’ झाला. वेळ आणि टप्पे मोजणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

एककांची गोष्टही तशीच. भारत आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालते, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटर. दोन्हींमध्ये १८ चा गुणक आहे. दोन्ही एकके दाखवू शकणाऱ्या काही मीटरमध्ये वेळ लावताना किंवा मीटर खाली पडल्यावर एकक नकळत बदलत असे आणि त्याबद्दल २००५ च्या सुमारास अमेरिकेत इशारे द्यावे लागले. १२.४ या आकड्यातला बिंदू नजरेतून सुटला की तो १२४ वाचला जातो. प्रत्यक्षात ती शुगर २२३ असते. पुन्हा विभाग ‘ड’. लंडनहून सुट्टीला आलेल्या मुलीचा मीटर आईने पुण्यात वापरायला घेतला, तर हा प्रश्न आजही मराठी घरात उभा राहू शकतो. म्हणून ‘दुसऱ्या एककातला आकडा टाका’ हे काम प्रत्येक चाचणीत असावे. ११.१ हा आकडा शुगरच्या रकान्यात निमूटपणे स्वीकारणारे ॲप तिथेच नापास व्हावे, कारण शुगर ११ मिलिग्रॅम असलेला माणूस फोन हातात धरून बसलेला नसतो.

चूक कुठून येते

वजन ठरले तरी उपाय ठरत नाही. त्यासाठी चुकीचे मूळ लागते. जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मानवी चुकांची जी विभागणी मांडली तिला आपण हातचूक, विसर आणि गैरसमज म्हणू. हातचुकीत हेतू बरोबर असतो, बोट चुकते. विसरात मधली पायरी गळते. गैरसमजात माणूस मन लावून, ठामपणे, चुकीचेच करतो.

हातचुकीचे सर्वांत बोलके उदाहरण २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत घडले. ऑम्निपॉड ५ या इन्सुलिन पंपाच्या अँड्रॉइड ॲपमध्ये डोस बदलताना पहिली कळ दशांश चिन्हाची दाबली, तर ते चिन्ह नोंदले जात नसे. ०.१५ युनिट हवे म्हणून कोणी .१५ टाकले, तर ॲप १५ युनिट धरी. शंभरपट. कंपनीने वापरणाऱ्यांना सूचना पाठवली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण सर्वांत गंभीर वर्गात टाकले. इथे चाचणी घेणाऱ्यांनी थांबून विचार करावा. चाचणीच्या कागदावर ‘०.१५ युनिट द्या’ असे छापलेले असते आणि समोरचा माणूस ते जसेच्या तसे, शून्यापासून, टाकतो. छापील आकडा वापरणाऱ्याची सवय झाकून टाकतो. ‘अर्ध्या युनिटापेक्षाही कमी, म्हणजे पंधरा शतांश द्यायचे आहे’ असे तोंडी सांगितले असते, तर काही जणांनी बिंदूपासून सुरुवात केली असती. म्हणून माझा आग्रह आहे की चाचणीतले आकडे शक्य तेवढे बोलून द्यावेत. मराठीत तर आपण अडीच, साडेसात, सव्वाशे म्हणतो. अडीच ऐकून माणूस पडद्यावर काय उमटवतो, हे बघण्यासारखे असते. आणि फोनचा कळफलक मराठीत असेल तर ५ हा अंक देवनागरी लिपीत जातो. तो अंक ॲपला कळतो, की रकाना रिकामा धरून ॲप पुढे जाते, हे प्रत्येक रकान्यावर करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

गैरसमज याहून खोल असतात, कारण ते माणसाच्या डोक्यातल्या चित्रातून येतात. सेन्सरच्या पडद्यावर आकड्याशेजारी बाण असतो. वर जाणारा बाण म्हणजे शुगर चढते आहे, एवढे सगळे सांगतात. पण तो वेग सांगतो, आणि दोन कंपन्यांच्या सेन्सरचे बाण एकाच वेगाला एकसारखे नसतात. डेक्सकॉम सेन्सरच्या एका सरळ उभ्या बाणाचा अर्थ मिनिटाला २ ते ३ ने चढण, त्याहून जास्त असेल तर दोन बाण. लिब्रे सेन्सरमध्ये २ च्या वर सगळे एकाच उभ्या बाणात मोडते. ‘हा बाण म्हणजे काय?’ असे विचारून उपयोग नाही, त्याला पाठ केलेले उत्तर मिळते. ‘अर्ध्या तासाने हा आकडा किती झालेला असेल?’ असे विचारावे. मिनिटाला २ म्हणजे अर्ध्या तासात ६०. समोरचा माणूस १० म्हणतो की ६० म्हणतो, यावर त्याचा पुढचा डोस ठरणार आहे.

आणखी एक काम मी कुठल्याही चाचणीत घालीन. शुगर फार चढली की अनेक मीटर आकडा देत नाहीत, ६०० च्या वर गेल्यावर फक्त ‘हाय’ हा शब्द दाखवतात. फार उतरली की ‘लो’. ॲपचा रकाना मात्र फक्त अंक घेतो. आजाराच्या सर्वांत गंभीर क्षणी नोंद कशी करायची? काही जण ६०० टाकतील, काही ९९९, काही नोंदच करणार नाहीत. त्या दिवसाचा आलेख मग रिकामा, म्हणजे दिसायला शांत. विसर पडला तर सॉफ्टवेअरने आठवण द्यावी, हातचुकीला ते अडवावे, पण इथे रचनाच बदलायला हवी.

किती माणसे पुरतात

पाच माणसांवर चाचणी घेतली की ८५ टक्के दोष सापडतात, हे वाक्य या व्यवसायात फार फिरते. त्याच्या मागे याकोब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांचे १९९३ चे सूत्र आहे. एखादा दोष एका माणसाच्या चाचणीत दिसण्याची शक्यता ‘प’ असेल, तर ‘न’ माणसांत तो किमान एकदा दिसण्याची शक्यता म्हणजे १ वजा (१ − प) चा ‘न’ वा घात. त्यांच्या प्रकल्पांत ‘प’ ची सरासरी ०.३१ निघाली आणि पाच माणसांना सुमारे ८४ टक्के हे उत्तर आले. पण सगळा भार त्या ०.३१ वर आहे. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये दाखवले की पाचांच्या काही गटांना जवळजवळ सगळे दोष सापडतात, तर काहींना अवघे ५५ टक्के.

मधुमेहात आपल्याला ज्याची भीती असते तो दोष बहुधा विरळ असतो. ‘प’ ०.०५ धरा. पाच माणसांत तो दिसण्याची शक्यता २३ टक्के, पंधरांत ५४ टक्के. ‘प’ ०.०१ असेल तर पंधरांतही १४ टक्के. पंधरा हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत वैद्यकीय उपकरणांच्या अंतिम चाचणीसाठी वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गटातून किमान १५ जण घ्यावेत असे म्हटले आहे. पंधरा जणांपैकी एकानेही चूक केली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकीचे खरे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दिवसातून तीनदा इन्सुलिन घेणारा माणूस वर्षात अकराशेच्या आसपास डोस घेतो. हजारात एकदा होणारी चूक त्याच्या वाट्याला दर वर्षी एकदा येणार. पंधरा जणांकडून प्रत्येकी वीस डोस काढून घेतले, म्हणजे तीनशे प्रयत्न झाले, तरी ती चूक दिसण्याची शक्यता चारात एक.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा नाही. चूक आपोआप होण्याची वाट बघत बसणे निरुपयोगी आहे, असा आहे. मार्ग चूक पेरण्याचा आहे. माणसाला काम देतानाच त्यात खोट ठेवायची. मीटरवरचा आकडा दुसऱ्या एककात द्यायचा, आधीच्या वेळची नोंद मुद्दाम चुकीच्या तारखेला टाकून ठेवायची, ६० ग्रॅमऐवजी ६०० भरलेला पडदा समोर ठेवून ‘आता पुढे जा’ म्हणायचे. मग प्रश्न ‘चूक किती जणांनी केली’ असा राहत नाही, ‘किती जणांना दिसली आणि सॉफ्टवेअरने त्यांना बघायला मदत केली का’ असा होतो. त्या प्रश्नाचे उत्तर पंधरा माणसांतही मिळते. चाचणीनंतर प्रत्येकाला, काय पेरले होते ते समजावून सांगणे मात्र नैतिकदृष्ट्या अनिवार्य आहे. घरी जाऊन त्याने त्या खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

वापरणारा तोच, अवस्था वेगळी

प्रयोगशाळेत सकाळी अकरा वाजता चहा घेऊन बसलेला माणूस आणि रात्री दोन वाजता शुगर ५० वर उतरल्याने घामाघूम होऊन उठलेला तोच माणूस, सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन वेगळे वापरणारे आहेत. ५४ च्या खाली विचार मंदावतो, हात कापतात, नजर अंधुक होते. नेमक्या त्याच क्षणी ॲपचे काम सर्वांत महत्त्वाचे असते. चाचणीसाठी कोणाची शुगर मुद्दाम उतरवणे योग्य नाही. पण अंधारी खोली, एका हाताने वापर, मध्येच आकडे उलटे मोजायला लावणे, नजर धूसर करणारा चष्मा, यांनी त्या अवस्थेचा काही अंश उभा करता येतो. ज्यांना असे झटके येऊन गेले आहेत त्यांना ‘त्या वेळी फोनवर आधी काय दाबलेत?’ असे विचारता येते.

आजार दीर्घकाळ असला की डोळे आणि बोटेही बदलतात. मधुमेहात निळा-पिवळा भेद ओळखण्याची क्षमता कमी होऊ शकते, कधी कधी डोळ्याच्या पडद्याची इजा दिसण्याच्याही आधी. म्हणून केवळ रंगाने अर्थ सांगणारा आलेख अशा माणसांवर तपासलाच पाहिजे. बोटांची संवेदना कमी झालेल्याला पडद्यावरचा हलका स्पर्श आणि लांब दाब यांतला फरक कळत नाही. जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये मधुमेहाच्या ६५६ ॲपचा आढावा घेतला तेव्हा, पन्नाशी उलटलेल्यांच्या गरजा धरून पाहता, जास्त कामे एकत्र करणारी ॲप वापरयोग्यतेत मागे पडलेली आढळली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१६ च्या एका अभ्यासात मधुमेह, नैराश्य आणि आजाऱ्याची काळजी यांसाठीची अकरा ॲप सर्वसामान्य रुग्णांच्या हाती दिली, तर १८५ पैकी ७९ कामेच मदतीशिवाय पार पडली.

काही दोष तासाभराच्या चाचणीत येतच नाहीत. झोपेत सेन्सरवर दाब पडला की शुगर उतरल्याचा खोटा इशारा वाजतो. पहिल्या रात्री माणूस उठतो, दहाव्या रात्री आवाज बंद करतो. इशाऱ्यांचा थकवा आठवड्यांनी मोजायचा असतो, घरात. आणि शांततेचीही परीक्षा घ्यावी लागते. २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस डेक्सकॉमच्या सर्व्हरमधल्या बिघाडाने अमेरिकेत मुलांचे आकडे दुरून पाहणाऱ्या पालकांच्या फोनवर इशारे येणे थांबले. इशारा नाही म्हणजे सगळे ठीक, असा अर्थ अनेकांनी घेतला, आणि तो घेणे स्वाभाविक होते. ‘शुगर ठीक आहे’ आणि ‘मला काही कळत नाही’ या दोन अवस्था पडद्यावर वेगळ्या ओळखू येतात का, हे काम म्हणून द्यायला हवे. जोडणी मुद्दाम तोडून ठेवावी आणि किती वेळाने कोणाच्या लक्षात येते ते पाहावे.

आपल्याकडचे ताट, आपल्याकडची सिरिंज

आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठीच्या चाचण्या परदेशातल्या कामांची यादी उचलून घेता येणार नाहीत.

सर्वांत मोठे कारण सिरिंजचे. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरमध्ये ४० युनिटची असते, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधले इन्सुलिन १०० युनिटचे, आणि १०० च्या सिरिंजची टोपी नारिंगी. ॲपने ‘२० युनिट’ बरोबर सांगितले. माणसाने ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर शरीरात ८ युनिट जातात. उलट झाले, १०० चे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढले, तर ५० जातात. अडीचपट. पडद्यावर थांबणारी चाचणी या दोन्ही वेळी ‘यशस्वी’ लिहील. म्हणून मी सुरुवातीला द्रवापर्यंत म्हटले. टेबलावर साध्या पाण्याच्या बाटल्या आणि दोन्ही सिरिंज ठेवाव्यात, आणि ओढलेले पाणी मोजावे. ॲपने आधी एकदा ‘तुमच्या सिरिंजची टोपी कोणत्या रंगाची?’ असे चित्रासह विचारले, तर फरक पडतो का, हेही त्याच टेबलावर कळेल.

ताटाचेही तसेच. ‘४५ ग्रॅम कर्बोदके नोंदवा’ हे काम कोणाच्याच घरात घडत नाही. समोर ज्वारीची भाकरी, पिठले, वाटीभर भात ठेवावा आणि ‘हे नोंदवा’ म्हणावे. भाकरीचा आकार प्रत्येक घराचा वेगळा, यादीत मात्र ‘एक, मध्यम’. आलेला फरक ग्रॅममध्ये काढावा, मग त्या माणसाच्या गुणोत्तराने युनिटमध्ये, आणि मग जाळीत बसवावा. उपवासाचा दिवस तर स्वतंत्र काम म्हणून हवाच. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि त्याचे प्रमाण ‘उपवास’ या शब्दाने लपते. निरंकार उपवास करणाऱ्याची अडचण उलटी आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण नसताना घेतली तर शुगर धोकादायक उतरू शकते, आणि ॲप मात्र सकाळी आठला ‘गोळी घ्या’ म्हणून वाजते. रमजानमध्ये सगळ्या वेळाच सहरी आणि इफ्तारकडे सरकतात. आज जेवलेलो नाही, हे सांगायला त्या आठवणीच्या पडद्यावर जागा आहे का? ती शोधायला किती टप्पे लागतात? शोधल्यावर ॲप डॉक्टरांशी बोलायला सुचवते की नुसते गप्प होते?

आणि वापरणारा एकटा नसतो. आजोबांचे बोट, आजींची वही, नातवाचा फोन, मुंबईतल्या सुनेचा व्हॉट्सॲप. शुगर एक जण मोजतो, नोंद दुसरा करतो, निर्णय तिसरा घेतो. एकट्या माणसाला खोलीत बसवून घेतलेली चाचणी या साखळीचे सांधे बघतच नाही, आणि चुका सांध्यांतच होतात. रात्री साडेबाराची शुगर नातू सकाळी भरतो तेव्हा ती कोणत्या तारखेला पडते? दोघांनी एकच डोस दोनदा नोंदवला तर दुसऱ्या नोंदीवर काय येते? त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे चाचणीचे एकक जोडी असावी, आजारी आणि त्याची काळजी घेणारा, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून.

अडवणूक कुठे असावी

जाळी वापरली की सोपेपणा आणि सुरक्षितता यांचा झगडा उघड होतो. प्रत्येक डोसला ‘नक्की?’ विचारणारे ॲप दहाव्या दिवशी निष्फळ ठरते, कारण बोट त्या जागेवर आपसूक पडते. अजिबात न विचारणारे ॲप १५ युनिट देऊन मोकळे होते. मधला मार्ग असा की त्या व्यक्तीच्या नेहमीच्या पल्ल्याबाहेर आकडा गेला तरच अडवावे, आणि ‘हो’ची कळ न देता आकडा पुन्हा टाकायला लावावा, किंवा तो अक्षरांत ‘पंधरा युनिट’ असा मोठा लिहून दाखवावा. कोणती अडवणूक पेरलेली चूक पकडते आणि खऱ्या डोसला सर्वांत कमी त्रास देते, हे दोन्ही आराखडे समोरासमोर ठेवून मोजता येते. समाधानाचा आकडा दोन-चार अंकांनी पडला तर पडू द्यावा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उद्देशाचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत येते, आणि वापरयोग्यतेच्या अभियांत्रिकीसाठी आयईसी ६२३६६ हे मानक जगभर उपलब्ध आहे. ॲप रुग्णाला सुचवण्याआधी डॉक्टरांनी कंपनीकडे सरासरी समाधानाचा आकडा मागू नये. पेरलेल्या चुकांपैकी किती पकडल्या गेल्या, आणि उरलेल्या ‘क’, ‘ड’, ‘इ’ यांपैकी कुठे पडल्या, तो तक्ता मागावा. त्या तक्त्यावर आवृत्तीचा क्रमांक असलाच पाहिजे. २०२४ मध्ये अमेरिकेत टँडम कंपनीच्या टी-कनेक्ट या ॲपची आयफोनसाठीची २.७ ही आवृत्ती वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होत राहिली आणि त्या ओढाताणीत पंपाची बॅटरी संपू लागली. २२४ इजांची नोंद झाली. तिच्या आधीच्या आवृत्तीवर घेतलेली कोणतीही चाचणी या आवृत्तीबद्दल काही सांगू शकत नव्हती. म्हणून गंभीर कामांचा एक छोटा संच कायमचा ठरवून ठेवावा: दशांशापासून सुरू होणारा आकडा, दुसरे एकक, रिकामा रकाना, ‘हाय’ दाखवणारा मीटर, तुटलेली जोडणी, जेवणाविना दिवस, दोन टोप्यांच्या सिरिंज. प्रत्येक नवी आवृत्ती लोकांच्या फोनवर जाण्यापूर्वी तो संच पुन्हा चालवावा आणि निकाल ॲपच्या पानावरच, आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी छापावा.